एकाच कंपनीच्या गाड्या प्रत्येक देशात वेगळ्या का असतात? शेंद्रा, चाकण आणि आयात शुल्काची गोष्ट

बीडहून सोलापूर-धुळे महामार्गाने उत्तरेकडे निघालं की गेवराई, पाचोड, अडूळ अशी गावं मागे टाकत छत्रपती संभाजीनगर येतं. तिथून जालना रोडला वळलं की शेंद्रा एमआयडीसी. इथल्या कारखान्यात स्कोडा आणि ऑडी या दोन युरोपीय कंपन्यांच्या गाड्यांची जोडणी होते.

म्हणजे एका युरोपीय कंपनीचा कारखाना बीडच्या अगदी शेजारच्या जिल्ह्यात आहे. तरी युरोपातल्या स्कोडाच्या शोरूममध्ये दिसणाऱ्या फाबिया, स्काला किंवा लांब डिकीची ऑक्टेव्हिया या गाड्या बीडच्या ग्राहकाला मिळत नाहीत. त्याला मिळते ती कायलॅक, कुशाक किंवा स्लाव्हिया. आणि या तीन गाड्या युरोपातल्या ग्राहकाला मिळत नाहीत. अमेरिकेत तर स्कोडाच विकली जात नाही.

कंपनी एक, बोधचिन्ह एक. मग गाड्या वेगळ्या का?

"प्रत्येक देशातल्या लोकांची आवड वेगळी असते," असं उत्तर साधारणपणे दिलं जातं. ते चूक नाही, पण अपुरं आहे. कोणत्या देशात कोणती गाडी मिळणार याचा मोठा भाग ठरतो तो कर, नियम आणि विक्रीच्या आकड्यांवर. आवडीचा नंबर त्यानंतर लागतो. हे नेमकं कसं होतं, ते समजून घेऊ.

गाडी देशात येण्याच्या तीन वाटा

परदेशी कंपनीची गाडी भारतात तीन प्रकारे येते.

पहिली वाट म्हणजे पूर्ण तयार गाडी जहाजातून आणणं. या व्यवसायात तिला 'सीबीयू' म्हणतात. दुसरी वाट म्हणजे गाडीचे सुटे भाग खोक्यांतून आणून इथल्या कारखान्यात जोडणं. याला 'सीकेडी' म्हणतात. तिसरी वाट म्हणजे बहुतेक भाग इथल्याच पुरवठादारांकडून घेऊन गाडी इथेच बनवणं.

या तिन्ही वाटांवर सरकार वेगवेगळा कर घेतं आणि खरा फरक इथेच पडतो.

तयार गाडीची आयातीची किंमत ४० हजार डॉलरपेक्षा जास्त असेल, तर तिच्यावरचा आयातीचा एकूण बोजा ११० टक्क्यांच्या घरात जातो. त्यापेक्षा स्वस्त गाडीवर तो ७० टक्के आहे. पण तीच गाडी पूर्ण सुट्या भागांत आणली तर १५ टक्के. किटमध्ये इंजिन किंवा गिअरबॉक्स आधीच जोडलेला असेल तर ३५ टक्के.

एक सोपं गणित करून पाहू. समजा, बंदरावर उतरताना एका मोठ्या पेट्रोल गाडीची किंमत ४० लाख रुपये आहे. ११० टक्के धरले तर आयातीचे ४४ लाख वाढले आणि किंमत झाली ८४ लाख. त्यावर मोठ्या गाड्यांचा ४० टक्के जीएसटी धरला, की आकडा जातो १ कोटी १७ लाख ६० हजारांवर. यात डीलरचा नफा, विमा आणि आरटीओचा रस्ता कर अजून धरलेलाच नाही.

आता तीच गाडी १५ टक्के शुल्काच्या किटमधून आली असं समजा. ४० लाखांचे ४६ लाख होतात आणि जीएसटीसह ६४ लाख ४० हजार. इथल्या जोडणीचा खर्च वेगळा, पण तो धरूनही फरक प्रचंड राहतो.

म्हणूनच एखादं मॉडेल भारतात आणायचं की नाही, यावर कंपनीचा पहिला प्रश्न 'लोकांना आवडेल का?' हा नसतो. 'ती इथे जोडता येईल का?' हा असतो.

पुण्यातली दोन उदाहरणं

याचा पुरावा पुण्यातच आहे.

रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्ट या गाड्या अनेक वर्षं ब्रिटनमधून तयार होऊनच भारतात यायच्या. मे २०२४ मध्ये कंपनीने त्यांची जोडणी पुण्यात करण्याचं जाहीर केलं. त्यानंतर रेंज रोव्हर स्पोर्टची सुरुवातीची किंमत १ कोटी ६९ लाखांवरून १ कोटी ४० लाखांपर्यंत खाली आली. गाडी तीच होती, फक्त येण्याची वाट बदलली.

दुसरं उदाहरण मर्सिडीजचं. २०२२ मध्ये या कंपनीने ईक्यूएस ही इलेक्ट्रिक गाडी दोन रूपांत आणली. जास्त ताकदीचं एएमजी मॉडेल तयार आयात केलेलं होतं, किंमत २ कोटी ४५ लाख. काही आठवड्यांनी चाकणमध्ये जोडलेलं ईक्यूएस ५८० आलं, ते १ कोटी ५५ लाखांना. दोन्ही मॉडेलमध्ये फरक आहे, पण ९० लाखांच्या या दरीत कराचा वाटा मोठा आहे.

उलट बाजूला टेस्ला आहे. १५ जुलै २०२५ रोजी टेस्लाने मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात भारतातलं पहिलं शोरूम उघडलं. विक्रीला ठेवलं फक्त एक मॉडेल, मॉडेल वाय. सुरुवातीची किंमत ५९ लाख ८९ हजार. अमेरिकेत तेव्हा याच गाडीची किंमत ४४,९९० डॉलरपासून, म्हणजे साधारण ३८-३९ लाख रुपयांपासून सुरू होत होती. भारतात जोडणी नाही, त्यामुळे शुल्क पूर्ण. आणि भारतात आलेल्या या गाड्या अमेरिकेतून नव्हे, तर चीनमधल्या शांघायच्या कारखान्यातून आल्या. शांघायमध्ये उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या तयार होतात, हे त्यामागचं एक महत्त्वाचं कारण.

स्टिअरिंग कुठल्या बाजूला?

भारतात वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे असतं. ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका इथेही तसंच. पण अमेरिका, चीन, बहुतेक युरोप आणि आखाती देशांत उलट. जगातली साधारण एक तृतीयांश लोकसंख्याच डाव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशांत राहते.

स्टिअरिंगची बाजू बदलणं म्हणजे एक चाक इकडून तिकडे नेणं नव्हे. डॅशबोर्डचे साचे, पेडल, वायपर, हेडलाइटचा झोत असं बरंच काही बदलावं लागतं आणि बदललेली गाडी पुन्हा तपासून घ्यावी लागते. ज्या मॉडेलचा मुख्य ग्राहक अमेरिकेत आहे, त्यासाठी हा खर्च करणं कंपनीला अनेकदा परवडत नाही. अमेरिकेतले कितीतरी मोठे पिकअप ट्रक भारतात अधिकृतपणे दिसत नाहीत, त्यामागे हे एक कारण आहे.

हाच नियम महाराष्ट्राच्या कामीही आला आहे. रांजणगावच्या कारखान्यात २०१७ पासून जीप कंपास बनू लागली आणि तिथून उजव्या स्टिअरिंगच्या कंपास ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलियाला गेल्या. अमेरिकन कंपनीची गाडी, पण ब्रिटनच्या ग्राहकासाठी ती पुणे जिल्ह्यातून गेली.

तळेगावची गोष्ट याच्या उलट आहे. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं थांबवलं, पण तळेगावचा कारखाना लगेच बंद केला नाही. तिथे डाव्या स्टिअरिंगची शेव्हरोले बीट बनत राहिली आणि मेक्सिकोसारख्या देशांना जात राहिली. डिसेंबर २०२० मध्ये ते उत्पादनही थांबलं. म्हणजे तीन वर्षं अशी होती, की महाराष्ट्रात बनलेली नवी शेव्हरोले महाराष्ट्रातल्याच ग्राहकाला शोरूममधून घेता येत नव्हती.

दुबईच्या नातेवाइकाची गाडी आणता येईल का?

आखातात नोकरी करणाऱ्यांच्या घरी हा प्रश्न हमखास निघतो. दुबईत गाडी स्वस्त मिळते, मग परत येताना घेऊन का येऊ नये?

पहिला अडथळा स्टिअरिंगचा. तिथल्या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या आणि भारताच्या आयात धोरणानुसार गाडी उजव्या स्टिअरिंगचीच हवी. दुसरा अडथळा वयाचा. वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी असून चालत नाही. तिसरा अडथळा शुल्काचा. वापरलेल्या गाडीवरही ते भरमसाट आहे.

इतर देशांत नियम वेगळे, म्हणून रस्त्यावरच्या गाड्याही वेगळ्या. केनियात आठ वर्षांपर्यंतच्या जुन्या गाड्या आयात करता येतात. तिथेही वाहनं डावीकडूनच चालतात, त्यामुळे जपानमध्ये वापरून झालेल्या गाड्या तिथल्या रस्त्यांवर सर्रास दिसतात. भारतात ते दार जवळपास बंद आहे.

चार मीटरची कात्री

भारतीय गाड्यांचा आकार ठरवणारा एक नियम २००६ च्या अर्थसंकल्पातून आला. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि ठरावीक मर्यादेतल्या इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं गेलं. पेट्रोल इंजिनासाठी ही मर्यादा १,२०० सीसी होती, डिझेलसाठी १,५०० सीसी. तेव्हापासून कंपन्या टेप घेऊन बसल्या, असं म्हटलं तरी चालेल.

टाटाने २००८ मध्ये इंडिगोची लांबी कमी करून इंडिगो सीएस आणली. मारुतीने २०१२ मध्ये स्विफ्ट डिझायरची डिकी छाटून ती ३,९९५ मिलिमीटरवर आणली. फोक्सवॅगनने तर २०१६ मध्ये अमियो ही गाडी खास भारतासाठी चाकणमध्ये बनवली. ती पोलोला आखूड डिकी लावून चार मीटरच्या आत बसवलेली होती. जर्मनीत असा कर नाही, त्यामुळे अशा गाडीची गरजही नाही. स्कोडाची कायलॅकही ३,९९५ मिलिमीटरची आहे, तो योगायोग नाही.

उत्पादन शुल्क जाऊन जीएसटी आला तरी ही रेघ टिकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. पाच-सहा मिलिमीटरसाठी कंपन्या का झगडतात, ते या दोन आकड्यांवरून लक्षात येतं.

असं फक्त भारतात होत नाही. जपानमध्ये ३.४ मीटर लांबी आणि ६६० सीसी इंजिनाच्या आतल्या 'केई' गाड्यांना सवलती आहेत. त्यामुळे तिथे डब्यासारख्या दिसणाऱ्या छोट्या गाड्यांचा वेगळा बाजारच उभा राहिला.

अमेरिकेतली गोष्ट तर कोंबडीपासून सुरू होते. १९६० च्या दशकात युरोपने अमेरिकन कोंबडीच्या मांसावर जादा कर लावला. त्याला उत्तर म्हणून अमेरिकेने आयात होणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के शुल्क लावलं, ते १९६४ पासून. कोंबडीचं भांडण कधीच मागे पडलं, पण पुढे कित्येक दशकं ते शुल्क कायम राहिलं आणि अमेरिकेचा पिकअपचा बाजार मुख्यतः तिथेच बनणाऱ्या गाड्यांकडे राहिला.

इंधन आणि धुराचे नियम

१ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-सहा हे धुराचे कडक नियम लागू झाले. लहान डिझेल इंजिन या नियमांत बसवण्याचा खर्च मोठा होता. तेव्हा स्कोडा आणि फोक्सवॅगनने भारतात डिझेल गाड्या बंद केल्या. युरोपात मात्र त्यांच्या डिझेल गाड्या चालू राहिल्या. भारतीयांचं डिझेलवरचं प्रेम एका रात्रीत आटलं नव्हतं, नियमांमुळे कंपन्यांचं गणित बदललं होतं.

पेट्रोलमध्ये किती इथेनॉल आहे, यावरही गाडी बदलते. हा मुद्दा बीडच्या ओळखीचा आहे. ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून बीड राज्यभर ओळखला जातो आणि त्यांनी तोडलेल्या उसातून साखरेबरोबर इथेनॉलही तयार होतं. भारतात आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल विकलं जातं. त्यामुळे इथे विकल्या जाणाऱ्या गाडीच्या इंधन नळ्या, रबरी सील आणि इंजिन त्या मिश्रणाला टिकणारे हवेत.

ब्राझील यात खूप पुढे आहे. तिथे २००३ मध्ये फोक्सवॅगनने पेट्रोल आणि इथेनॉल कोणत्याही प्रमाणात चालणारी गोल ही गाडी आणली आणि पुढे 'फ्लेक्स' गाड्या हाच तिथला नेहमीचा प्रकार झाला. म्हणजे दोन देशांत एकच मॉडेल दिसलं, तरी बॉनेटखालची गाडी वेगळी असू शकते.

किती गाड्या विकल्या तर परवडतं?

नवीन मॉडेल भारतात विकायचं, तर ते भारतीय नियमांत बसतं की नाही याची तपासणी करून घ्यावी लागते. पुण्यातली एआरएआय ही १९६६ मध्ये सुरू झालेली संस्था अशा तपासण्या करते. यात वेळ आणि पैसा जातो. शिवाय सुट्या भागांचा साठा, मेकॅनिकचं प्रशिक्षण, सर्व्हिस सेंटर हे सगळं उभं करावं लागतं. हा खर्च हजारो गाड्यांवर वाटला गेला तरच परवडतो.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने यात एक सूट दिली. आंतरराष्ट्रीय मानकांत बसणाऱ्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या कंपनीला वर्षाला २,५०० पर्यंत, इथल्या पूर्ण तपासणीशिवाय आणता येतात. तपासणी टळते, शुल्क मात्र टळत नाही. याच वाटेने २०२० मध्ये स्कोडाने ऑक्टेव्हिया आरएसच्या फक्त २०० गाड्या आणल्या. २०२५ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय आणली, किंमत सुमारे ५३ लाख आणि पहिल्या खेपेत गाड्या फक्त १५०, त्याही सगळ्या देशासाठी.

१५० हा आकडा मराठवाड्याला ओळखीचा वाटेल. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादमधल्या उद्योजक आणि व्यावसायिकांच्या एका गटाने मिळून मर्सिडीजच्या जवळपास १५० गाड्या एकाच वेळी घेतल्या होत्या. खरेदी साधारण ६५ कोटींची. देशभर त्याची बातमी झाली. एकेकटा ग्राहक कंपनीचं गणित बदलू शकत नाही, एकगठ्ठा मागणी मात्र कंपनीला दारात आणते, हे त्या खरेदीने दाखवलं.

शेंद्र्याचं काय होणार?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे शुल्क आहे म्हणून गाड्या महाग आहेत आणि निवड कमी आहे. पण हेच शुल्क आहे म्हणून शेंद्र्याचा कारखाना आहे.

स्कोडाने २००१ मध्ये शेंद्र्यातून ऑक्टेव्हिया भारतात आणली. पुढे ऑडीच्या गाड्यांची जोडणीही तिथे सुरू झाली. तयार गाडी आणण्यापेक्षा सुटे भाग आणून जोडणं स्वस्त पडतं, यावर हा कारखाना उभा राहिला. शेंद्रा, वाळूज आणि चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांमध्ये बीड जिल्ह्यातून गेलेली अनेक मुलं आहेत. त्यामुळे आयात शुल्काची चर्चा ही फक्त श्रीमंतांच्या गाड्यांची चर्चा राहत नाही.

हा फरक किती नाजूक आहे, ते एका वादातून दिसतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सीमाशुल्क विभागाने स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला तब्बल १.४ अब्ज डॉलरच्या, म्हणजे सुमारे १२ हजार कोटी रुपयांच्या कराची नोटीस बजावली. कंपनीने जवळपास संपूर्ण गाड्याच सुट्या भागांत आणल्या, पण त्या वेगवेगळ्या खेपांत आणून 'किट' ऐवजी 'सुटे भाग' म्हणून दाखवल्या आणि कमी शुल्क भरलं, असा विभागाचा आरोप आहे. कंपनीने तो नाकारला आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात नोटिशीला आव्हान दिलं. वादाचा गाभा साधा आहे. वेगवेगळ्या खोक्यांतून आलेली गाडी 'गाडी' म्हणायची, की 'भाग'? या एका शब्दावर हजारो कोटी अवलंबून आहेत.

दुसऱ्या बाजूला शुल्काची भिंत खाली येऊ लागली आहे. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाला. त्यानुसार ब्रिटनमध्ये बनलेल्या ठरावीक संख्येच्या गाड्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत कमी होणार आहे. ही संख्या ठरवून दिलेली आहे, कारण भिंत एकदम पाडली तर इथे जोडणी करण्याचं कारणच उरणार नाही, ही भीती आहे.

त्याच वेळी नवे कारखानेही येऊ पाहत आहेत. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगर इथे सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. तिथून कोणती गाडी बाहेर पडेल आणि ती कोणत्या देशात जाईल, हे पुन्हा याच गोष्टींवर ठरेल. तेव्हाचा कर किती, नियम काय आणि गिऱ्हाईक किती.

ग्राहकाने काय पाहावं?

परदेशी कंपनीची गाडी घेताना एक प्रश्न जरूर विचारावा, ती तयार आलेली आहे, इथे जोडलेली आहे की इथेच बनलेली आहे? उत्तरावरून फक्त किंमत कळत नाही, तर पुढे सुटे भाग कुठून आणि किती दिवसांत येतील याचाही अंदाज येतो. मोजक्याच आलेल्या गाडीचा आरसा फुटला, तर तो बीडच्या बाजारात मिळणं कठीण. ज्या गाडीचा आरसा चाकणच्या पुरवठादाराकडे बनतो, ती एमएच-२३ च्या पाटीवर जास्त निर्धास्तपणे फिरते.